चालतं पाणी

खंडूची चेकशीट योगिनीच्या हातात होती. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि चेकशीटवर मात्र दुपारचे तीन वाजून गेले होते. दर तासाला पाच पार्ट उचलायचे, मापायचे, माप चौकोनात लिहायचं आणि शेजारी ओकेची टिक करायची, एवढं साधं काम. खंडूनं सकाळचा चहा पिता पिता अख्ख्या शिफ्टची मापं लिहून टाकली होती. तीही किती नामी! कुठं दोन शतांश वर, कुठं एक खाली, सगळी अगदी खरी वाटावीत अशी. "खंडू, तीन वाजताचा पार्ट अजून पत्र्याच्या गुंडाळीत आहे," ती म्हणाली. "त्याचं माप तुम्हाला काय स्वप्नात दिसलं?" खंडू दोन पोरींचा बाप, केसांना मेंदी लावणारा, तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठाच. तो ओशाळून हसला. "चौकोन मोकळा दिसला ना मॅडम, की ऑडिटवाला विचारतो. भरलेला असला की कोण बघतंय? सोडा की आजच्या दिवस." योगिनी सोडणाऱ्यातली नव्हती. चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये तिच्या जिभेला सगळे टरकून होते, आणि आता ती चांगली दहा मिनिटं खंडूची हजामत करणार, म्हणून शेजारच्या मशिनवरचे दोघं कान टवकारून बसले होते. तेवढ्यात तिच्या खिशातला फोन थरथरला. ज्ञानेश सरांचा मेसेज होता. डाइव्हिंग शिकवणारे सर. रविवारच्या जोड्या त्यांनी लावल्या होत्या. 'योगिनीताई आणि कुसुमताई. जागा बाहेरचा खडक. तिथं ओढ असते, पण योगिनीताईंना प्रवाहाचा अनुभव आहे, त्यामुळे कुसुमताईंची काळजी नाही. उद्या दुपारी बारापर्यंत सगळ्यांनी नक्की करा.' तिनं तो मेसेज दोनदा वाचला. मग हातातल्या चेकशीटकडे बघितलं. मग खंडूकडे. "नवीन शीट घ्या," एवढंच म्हणून ती वळली, आणि एवढ्यावर सुटका झालेली पाहून खंडूच घाबरला.

अनुभव! कुणाला आहे अनुभव? तिनं तो फॉर्म तीन आठवड्यांपूर्वी कंपनीच्या बसमध्ये भरला होता. तळवड्याच्या चौकात गाडी पाऊण तास हललीच नव्हती, पुढं एक कंटेनर आडवा झाला होता, मागच्या सीटवर कुणीतरी घोरत होतं, आणि तिनं वेळ जावा म्हणून फोनवर तो फॉर्म उघडला होता. बारा प्रश्न. कान ठीक आहेत का, छाती ठीक आहे का, पोहता येतं का, सर्टिफिकेट आहे का. अंगठा होय, होय करत खाली उतरत गेला आणि नववा प्रश्न आला. यापूर्वी प्रवाहात डाइव्ह केली आहे का? होय. घाईत झालं, असं स्वतःला सांगायला तिला फार आवडलं असतं. सकाळपासून ती तेच सांगून बघत होती, पण पटत नव्हतं. सतरा वर्षं क्वालिटीत काढलेल्या बाईला नजर चुकणं आणि नजर फिरवणं यातला फरक कळतो. तिनं तो प्रश्न वाचला होता. आठ होयच्या रांगेत एक नाही कसं दिसेल, हेही तिच्या मनात येऊन गेलं होतं. मग अंगठा टेकला. त्यात कुठलं मोठं पाप केल्याची भावनासुद्धा नव्हती. उलट फॉर्म पूर्ण भरल्याचं एक बारीकसं समाधान वाटलं होतं, घरातली भांडी घासून पालथी घातल्यावर वाटतं तेवढं. खंडूला तरी दुसरं काय वाटलं असेल?

आणि अगदीच खोटं तरी कुठं होतं ते, असंही एक मन म्हणत होतं. डिसेंबरात सर्टिफिकेटसाठी ते सगळे मालवणच्या पुढं गेले होते. दोन्ही डाइव्ह आतल्या खाडीत झाल्या. तिथं पाणी कसं निवांत, खाली वाळू, डोक्यावर होडीचा तळ. दुसऱ्या दिवशी वर येताना दोरीला धरून तीन मिनिटं थांबायचं होतं, आणि त्या तीन मिनिटांत ओहोटी लागली. जोर काही नव्हता. पण ती उभी होती ती हळूहळू आडवी झाली, दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीसारखी. पाय कुठं मागे निघून गेले. तोंडातल्या नळीचा घरघर आवाज तेवढा येत होता. सर वरच्या बाजूला दुसऱ्या कुणाचा तरी पट्टा नीट करत होते. आपली चार बोटं त्या दोरीवर पांढरी पडलेली तिनं पाहिली आणि तिच्या मनात आलं, ही सोडली तर? पाण्यानं काही ओरडून नेलं नसतं. मुकाट्यानं नेलं असतं. आणि किती वेळानं कुणाच्या लक्षात आलं असतं? सरांच्या पाच मिनिटांनी आलं असतं, मान्य. पण त्यांचं ते कामच होतं. त्यांच्यापलीकडे? आकुर्डीच्या घराला कुलूप होतं. कंपनीत सोमवारी गैरहजेरी लागली असती. आईनं लातूरहून गुरुवारी फोन केला असता, काय करायलीस म्हणून, आणि उचलला नाही तर कामात असंल म्हणून ठेवून दिला असता. हा हिशोब तिनं पाण्याखाली, तीन मिनिटांत, अगदी थंड डोक्यानं केला होता, आणि भीती वाटली ती त्या हिशोबाची. पाणी बिचारं आपल्या वाटेनं चाललं होतं. त्या दिवशी होडीत बसल्यावर सगळे हसत होते, चिवड्याचा पुडा फिरत होता, आणि ती दात वाजताहेत ते थंडीनं असं सांगत होती. तो अनुभव म्हणायचा का? दोरीला लोंबकळण्याचा?

मुळात तिच्या गावाकडं पाणी चालत नसे. ते टँकरमधून यायचं आणि हंड्यात बसायचं. अठराव्या वर्षी डिप्लोमाला आकुर्डीत आली, कॉलेज झालं, भोसरीत एक नोकरी, मग चाकणची ही. स्थळं आली, गेली, मग यायचीच बंद झाली. त्याचं काही दुःख तिनं करून घेतलं नाही. करायला वेळही नव्हता. पण चाळिशी उलटली तशी संध्याकाळ फार लांबायला लागली. पहिल्या शिफ्टवरून साडेचारला घरी यायचं आणि मग झोपेपर्यंतचे ते पाच-सहा तास. टीव्ही लावला तरी घर बोलत नसे. म्हणून तलावावर बायकांच्या बॅचला जायला लागली, पोहायला शिकली, आणि तिथंच भिंतीवर डाइव्हिंगचा कागद चिकटवलेला दिसला. लोकांना वाटलं, बाई धाडसी आहे. कसलं धाडस! तोंडात नळी असली की कुणी बोलत नाही आणि आपल्यालाही कुणाशी बोलायला नाही याचं वाईट वाटत नाही, एवढंच तिचं कारण होतं. पाण्याखाली सगळेच मुके. सगळेच एकटे. तिथं ती चारचौघांसारखी होती.

डिसेंबर संपल्यावर, तलावावरच्या सरावात कुसुमताई भेटल्या. पुनावळ्याच्या, साठीला दोन कमी, अंगानं थोराड, कपाळावर गोंदण, आणि पोहायच्या पोशाखावर कुणी बघेल म्हणून ढगळ टीशर्ट. जिथं त्यांचा ऊस होता तिथं आता बावीस मजल्यांच्या इमारती होत्या आणि त्यातल्याच एकीच्या अकराव्या मजल्यावर त्या राहत होत्या. मुलगा अजिंक्य जमिनीच्या व्यवहारात. त्याची ती भली मोठी पांढरी गाडी आईला रविवारी तलावावर सोडायची आणि दोन तासांनी न्यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी सरांची फे फे उडवली होती. पाण्याखाली अंगठा वर केला की 'मला वर यायचंय' असा अर्थ, हे त्यांच्या डोक्यात काही केल्या शिरेना. खाली गेल्या की खूष होऊन अंगठा दाखवायच्या, लगेच सर त्यांना वर आणायचे. "आरं, मस्त हाय म्हनून सांगत व्हते, काढलं कशापाई मला?" असं तीनदा झालं. योगिनी हसली. तलावात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. आपला हसण्याचा आवाज तिला ओळखीचाही वाटला नाही. त्या दिवसापासून कुसुमताईंनी तिला धरलं ते धरलं. पोहून झालं की गाडीतळावर डबा उघडायचा, बाजरीची भाकरी आणि ठेचा. "खा मुकाट. मनगटाला मास न्हाई पोरीच्या." एक्केचाळीस वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं दुसरं कुणी पिंपरी-चिंचवडात उरलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, काही कारण नसताना. मंगळवारपासूनच योगिनी त्या फोनची वाट बघायची. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नसतं.

कुसुमताईंना बाहेरच्या खडकावरच जायचं होतं. खाडीत कासवं नाहीत म्हणून, असं त्या इतरांना सांगायच्या, पण खरं कारण त्यांनी योगिनीला एकदा भाकरी मोडता मोडता सांगितलं होतं. त्यांचं माहेर वर मावळात, पवनेच्या काठाला. दहा-अकरा वर्षांच्या असताना भरल्या नदीत उडी टाकायच्या आणि पार खालच्या वळणाला निघायच्या. "हात मारायचाच न्हाई. निस्तं अंग सोडायचं. पानी नेतंया, आपुन जायाचं. येक येळ आशी येती बघ, की आपुन हाय का पानी हाय, कळत न्हाई." सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि पाणी सुटलं. सासरी नदी होती, पण पाटलाच्या सुनेनं नदीत उडी मारायची नसते. आता नवरा, सोपानराव, गेले, सुनेचं राज्य आलं, वेळच वेळ. तर नदीवर जलपर्णी. "म्हस बी उतरत न्हाई आता त्यात. आन् ह्या टाकीतलं पानी मेल्यालं असतंय गं. मला चालतं पानी पायजे. येकदा. मरायच्या आदी येकदा अंगावरनं जाऊ दे." अजिंक्यनं आधी साफ नाही म्हटलं होतं. मग सरांनी त्याला शब्द दिला की आईबरोबर अनुभवी बाई असेल, तेव्हा कुठं तो तयार झाला. अनुभवी बाई! त्या शब्दाशी येऊन योगिनीचं मन प्रत्येक वेळी अडखळत होतं, दिवसभर.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. चाकणच्या चौकात नेहमीसारखी गाड्यांची दाटी. तिनं फोन काढला आणि रविवारची भरती-ओहोटी बघितली. अमावास्या. उधाण. अमावास्या-पौर्णिमेला समुद्र सगळ्यात जास्त ओढतो, हे सरांनीच शिकवलं होतं, पण सगळ्यांच्या सुट्ट्या जुळल्या त्या याच शनिवार-रविवारी. तिनं डोळे मिटून बघितलं: बाहेरचा खडक, हिरवट अंधार, कुसुमताईंचं ते थोराड अंग तिच्या शेजारी. पाणी सुरू होतं. कुसुमताई अंग सोडतात, कारण त्यांना तेच हवंय. आणि त्यांना धरायचं ते तिनं, जिला स्वतःला दोरी सोडवत नव्हती. ती त्यांना धरणार नाही, ती खडक धरेल. हे तिला अगदी स्वच्छ दिसलं. मग खरं सांगायचं? सांगितलं तर अजिंक्य आईला पाठवणार नाही, आणि आपण खोटारड्या ठरू. पण आणखी एक वाट होती आणि ती फार सोयीची होती. 'सॉरी सर, ऑडिट लागलं.' या पट्ट्यात ऑडिट म्हटलं की सख्ख्या भावाच्या साखरपुड्याला न गेलेलंही माफ होतं. कुसुमताईंचं जाणं तरीही रद्दच होणार, अनुभवी बाई नाही म्हणून. पण दोष ऑडिटचा. बुधवारचा फोन शाबूत, भाकरी शाबूत, पोरी म्हणणं शाबूत. इंद्रायणीचा पूल येईपर्यंत तिनं मेसेज लिहूनही ठेवला, आणि आकुर्डी येईपर्यंत तो पाठवला मात्र नाही.

फोन आला तेव्हा ती गॅसजवळ उभी होती. चहा उकळून उकळून काळा झाला होता. "झाली का तयारी?" कुसुमताईंचा आवाज नेहमीपेक्षा वर चढलेला. "म्या तर दोन पिशव्या भरल्या. सून म्हनती, आत्या, हनीमूनला चाललाय का काय!" त्या स्वतःच हसल्या. योगिनी म्हणाली, "ताई, एक घोळ झालाय. ऑडिट लागलंय. बहुतेक जमायचं नाही मला." पलीकडून, अगदी मऊपणानं, "हात्तिच्या! आगं मग त्यात काय. तोंड कशापाई पाडतीस? म्हैन्यानं जाऊ. तू आसशील तवाच जाऊ. तुज्याबिगर मला अजिंक्य पाठवतो व्हय?" योगिनीनं गॅस बंद केला. तिला वाटलं होतं, ऑडिट एवढं म्हटलं की संपेल. ते महिन्यानंही संपणार नव्हतं, दोन महिन्यांनीही नाही. ही बाई तिच्यासाठी थांबणार होती, आणि ती जिच्यासाठी थांबणार होती ती बाई अस्तित्वातच नव्हती. "ताई," ती म्हणाली, "ऑडिट नाहीये. मी खोटं बोलले." मग सगळंच बोलली. फॉर्म, नववा प्रश्न, दोरी, पांढरी पडलेली बोटं. तिनं स्वतःला कुठंही सूट दिली नाही. नजर चुकली असंसुद्धा म्हणाली नाही. बोलता बोलता ओट्याची कड तिनं इतकी घट्ट धरली होती की तळव्यात वळ उठला.

कुसुमताई ओरडल्या नाहीत. दार लावल्याचा आवाज आला, मग त्यांचा आवाज खाली उतरला. "कुनाला सांगितलंस ह्ये?" "कुणालाच नाही. तुम्हालाच." "मग सांगू बी नको," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. आपुन जाऊ दोगी. मला कळतंय की पानी. तुला धरायचं काम माजं. तू निस्ती माज्या शेजारी ऱ्हा, म्हंजे झालं. अजिंक्यला कागदावर बाई पायजे, ती हाय." हे योगिनीनं धरलंच नव्हतं. राग येईल, रडतील, फोन आपटतील, सगळं धरलं होतं. कुणी तिचं खोटं पदरात घेऊन वर तिलाच सांभाळायचं म्हणेल, हे नाही. आणि किती गोड वाटलं ते! तुला धरायचं काम माजं. आजवर असं कुणी म्हटलं होतं तिला? हो म्हणायचं होतं फक्त. एक होय. होडी खडकाला लागेल, दोघी उतरतील, आणि कदाचित काहीच होणार नाही. शंभरातल्या नव्याण्णव वेळा काहीच होत नसतं; पार्ट तसेही ओकेच निघतात. पण कुसुमताईंना माहीत होती ती पवना. पाच फुटांवर काठ असलेली, दहा-अकरा वर्षांच्या अंगाला ओळखणारी. पाठीवर नळकांडं, छाती अठ्ठावन्नची, वर उधाण, काठ कुठंच नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि त्या वाहू लागल्या तर आपण काय करू ते योगिनीला पक्कं माहीत होतं. "नाही ताई," ती म्हणाली. "आपण खाडीत जाऊ. दोघी. मी सरांना सगळं सांगते, अजिंक्यशीही मीच बोलते." "त्या खाडीत काय हाय? टाकीच ती!" आता मात्र आवाज फाटला. "आन् त्याला येकदा कळलं ना, की मग त्यो मला घरातल्या बादलीत बी पाय बुडवू द्यायचा न्हाई. वळकतीस का तू त्याला? चाळीस वर्सं थांबले म्या. चाळीस! तुला येक दिस झाकून ठेवता येत न्हाई?" "नाही ठेवता येत, ताई." कुसुमताई म्हणाल्या, "तुजी वाट बघनारं कुनी न्हाई ना घरात, म्हनून तुला कळत न्हाई. वाट बघनाऱ्यांनी बांधून घाटल्यालं मानूस कसं आसतंय, ते." आणि फोन बंद झाला.

ती तशीच उभी राहिली. हे वाक्य आपल्याला लागलं पाहिजे तितकं अजून लागलेलं नाही, ते हळूहळू लागेल, हे तिला समजत होतं. समोरच्या इमारतीत कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तिनं ऑडिटचा मेसेज खोडला आणि सरांना खरं ते लिहिलं. चार ओळी. फॉर्ममध्ये मी चुकीचं लिहिलं होतं, मला प्रवाहाचा अनुभव नाही, मला प्रवाहाची भीती वाटते, कुसुमताईंना माझ्या भरवशावर पाठवू नका. भीती वाटते हे शब्द लिहिताना तिचा हात थांबला. असं वाक्य तिनं कधी कुणाला लिहिलं नव्हतं. मग पाठवून दिलं. पाच मिनिटांत सरांचं उत्तर आलं: 'बरं झालं वेळेत सांगितलंत. तुम्ही खाडीत या. बाकी मी बघतो.' रागावले नव्हते, की काही नव्हते. एवढं सोपं होतं म्हणजे! आणि या एवढ्या सोप्या गोष्टीनं तिनं एका बाईचा चाळीस वर्षांनी आलेला दिवस हिरावून घेतला होता. बरोबर वागलो म्हणून छातीत हलकं वाटतं असं लोक सांगतात. तिला तसं काही वाटलं नाही. गार झालेला काळा चहा तिनं मोरीत ओतला आणि त्या रात्री न जेवताच आडवी झाली.

शनिवारी पहाटे बस निघाली तेव्हा कुसुमताई आल्या नव्हत्या. येणार नाहीत हे ठाऊक असूनही योगिनीनं शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली नाही. कात्रजपर्यंत तिला वाटत राहिलं, ती पांढरी गाडी मागून येईल आणि हॉर्न वाजवेल. कऱ्हाडला चहाला थांबले तेव्हा सर म्हणाले, "अजिंक्यला सांगावं लागलं मला. शब्द दिला होता त्याला. त्यानं तिथल्या तिथं नाव काढून घेतलं." ग्रुपमधले बाकीचे तिच्याशी नेहमीसारखंच बोलत होते, म्हणजे फारसं नव्हतेच बोलत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे मोठ्या होडीतून बाहेरच्या खडकाकडे गेले, आणि खाडीकडे जाणाऱ्या छोट्या होडीत तीन माणसं होती: नावाडी, सरांचा मदतनीस निरंजन आणि ती. निरंजननं दोन खुणा विचारल्या, तिनं दोन्ही बरोबर दाखवल्या, आणि दोघं खाली गेले. पाणी गढूळ होतं. उधाणानं आतपर्यंत गाळ आणला होता. सहा मीटरवर वाळू लागली, पण ती दिसण्याआधी गुडघ्यांना लागली. तिनं निरंजनचा दंड धरला होता तो सोडला नाही. वीस मिनिटांनी ती वर आली. "झकास झालं," निरंजन म्हणाला आणि नळकांडी उचलून ठेवायला लागला.

बाकीचे यायला अजून तासभर होता. योगिनी धक्क्याच्या पायरीवर ओल्या कपड्यांतच बसली. ऊन चांगलं तापलं होतं. केसांतून मिठाचं पाणी मानेवर उतरत होतं. आणि तिला एकदम, भूक लागावी तसं, कुणाला तरी सांगावंसं वाटलं. एरवी तिला कधी असं होत नसे. होतं ते होऊन जायचं, सांगायचं काय त्यात. आज मात्र सांगायचं होतं आणि त्यासाठी जगात एकच माणूस होतं. त्या माणसानं फोन उचलायचं काही कारण नव्हतं. तिनं तरी लावला. बराच वेळ वाजला. ती कापणार तेवढ्यात उचलला गेला. मागे टीव्हीवर कुठलीशी मालिका चालू होती, मग तो आवाज बारीक झाला. "ताई," योगिनी म्हणाली. "झालं का जाऊन?" कोरडा आवाज. "झालं." "काय दिसलं?" तिच्या जिभेवर तयारच होतं सगळं, रंगीत मासे, शेवाळ, निळं पाणी, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल असं. ते तिनं गिळलं. "काही नाही दिसलं ताई. गढूळ होतं. हात लांब केला तर आपलीच बोटं दिसेनात. एक मासा गेला समोरून, तोही करडा." "हं," कुसुमताई म्हणाल्या. मग, "आन् पानी? चालत व्हतं का?"

योगिनीनं डोळे मिटले. "थोडं. शेवटी शेवटी. अगदी थोडंच होतं, पण तेवढ्यानंच मी भ्याले. त्या निरंजनच्या दंडावर माझ्या नखांचे वण उठलेत."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी जड अंगानं तिच्यावर बसलं. "माजा राग हाय अजून," कुसुमताई म्हणाल्या. "त्यो जायाचा न्हाई येवढ्यात. पर सांग. कसं चालत व्हतं त्ये सांग. घाई करू नगं, समदं सांग."

"आधी पोटऱ्यांना कळलं, ताई," योगिनी म्हणाली.